ते बांडगूळ नव्हतं, सीतेची वेणी होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या जिल्हा पानावर खाली डाव्या कोपऱ्यात एक फोटो आला होता. जुना आंबा, त्याच्या आडव्या फांदीवरून गुलाबी-पांढरे तुरे लोंबतायत, आणि खाली ओळ, "आंब्याला बांडगुळांचा विळखा". फोटो झकास होता, फोटोग्राफरला बोलायचं काहीच कारण नाही, पण ओळ ज्यानं कुणी लिहिली त्याला एकदा आमच्याकडं पाठवा, चहा पाजतो आणि झाड दाखवतो. ते बांडगूळ नाहीच मुळी. ती आमरी, म्हणजे ऑर्किड, आणि त्यातली सीतेची वेणी, शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. आसामचं हे राज्यफूल, तिकडं कपौ फूल म्हणतात आणि बिहूला पोरी केसात माळून नाचतात. तिकडं मान आणि आपल्याकडं विळखा, आता काय बोलायचं.

नुसती ओळ चुकली असती तर मी पत्र लिहायला बसलो नसतो, पेपरात चुका होतात, आमच्या पासबुकात पण होतात. पण मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातनं घरी येतोय तर देवळामागच्या आंब्यावर दोन पोरं कोयते घेऊन चढलेली आणि खाली ट्रॅक्टरची ट्रॉली अर्धी भरलेली. काय चाललंय विचारलं तर म्हणे बांडगूळ काढतोय, झाड वाळायला लागलंय, आणि एकानं मोबाईल काढून तुमच्याच पेपरचं कात्रण दाखवलं, गावच्या ग्रुपवर फिरत होतं. त्या ट्रॉलीत सीतेची वेणी होती, वँडा ही दुसरी आमरी होती, एका सालपटावर बटणाएवढ्या पोर्पॅक्स आमरीचा आख्खा गालिचा होता. एक वेणी तर फुललेली, तुरा मोडून चिखलात. पोरांचा दोष नाही हो, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही आणि ज्यानं सांगितलं त्यानं उलटं सांगितलं.

मी पतसंस्थेत क्लार्क आहे, बॉटनीशी संबंध बारावीपर्यंतचा तोही कसाबसा, पण गेली बारा वर्षं सुट्टी मिळाली की आंबोली, राधानगरी, चंदगडची जंगलं हिंडतो आणि जाणकार माणसांच्या मागं मागं फिरून थोडंफार शिकलोय. तेवढ्या जोरावर हे लिहितोय.

बांडगूळ कसं ओळखायचं ते आधी सांगतो कारण सगळी गोची तिथंच आहे. बांडगुळाला झाडासारख्या लाकडी फांद्या असतात, जाड चामडी पानं असतात, नारिंगी-लाल नळीसारखी फुलं येतात, आणि ते जिथं झाडाला चिकटतं तिथं गाठ आलेली असते. त्या गाठीतनं ते झाडाच्या आत शिरतं आणि झाडाचं पाणी-क्षार ओढून घेतं. बी चिकट, फुलटोच्या पक्षी फळ खातो, बी त्याच्या बुडाला चिकटतं मग तो फांदीवर पुसतो, आणि लागलं तिथं बांडगूळ. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा म्हणून पुढाऱ्यांना आपण ती शिवी देतो ते एकदम बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

आमरी झाडावर नुसती बसते. भाड्याची खोली म्हणा, आणि भाडं पण कसलं, ती मालकाच्या घरातलं पाणीसुद्धा पीत नाही. तिची मुळं सालीच्या आत जात नाहीत, वरच्या वर धरून असतात, काही तर हवेतच लोंबतात. पटत नसेल तर एक करून बघा. मे महिन्यात दुपारी आंब्यावरच्या वँडाचं मूळ बघा, राखाडी-पांढरं, सुतळीएवढं जाड, मेल्यासारखं दिसतं. बाटलीतलं थोडं पाणी त्याच्यावर सोडा. बघता बघता ते मूळ हिरवं होतं, म्हणजे अक्षरशः डोळ्यासमोर, पाणी जाईल तसा हिरवा रंग सरकत जातो. मुळावर मेलेल्या पेशींचं एक स्पंजासारखं आवरण असतं, कोरडं असताना त्यात हवा भरलेली म्हणून पांढरं, पाणी शोषलं की ते पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसतो. पाऊस, धुकं, दव, सालीवरनं ओघळणारं पाणी आणि फांदीच्या बेचक्यात साठलेला पाचोळा, एवढ्यावर तिचा संसार. माझ्या पोरीनं हा प्रयोग इतक्या वेळा केलाय की आमच्या परड्यातल्या वँडाला उन्हाळ्यात तिच्याकडनंच पाणी मिळतं.

मग आंबा वाळत का होता? म्हातारा झालाय आणि बुंध्याभोवती दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा पार बांधलाय. पण पार फोडायला कोण सांगणार, वेणी तोडणं सोपं.

आता ऑर्किड म्हणजे नक्की काय असंही लोक विचारतात, कारण आपल्या डोक्यात ऑर्किड म्हणजे लग्नाच्या स्टेजवरची जांभळी फुलं, थायलंडहून आलेली. ऑर्किडचं कुळ जगातल्या सगळ्यात मोठ्या फुलझाडांच्या कुळांपैकी एक, साधारण २८ हजार जाती. पण नखाएवढं असो की तळहाताएवढं, फुलाचा साचा बहुतेक एकच. बाहेर तीन निदलं, आत तीन पाकळ्या, आणि त्या तीनपैकी एक पाकळी वेगळीच, मोठी किंवा झालरीची किंवा ठिपक्यांची किंवा मागं शेपटी असलेली. तिला ओठ म्हणतात. कीटकाला उतरायला केलेला ओटाच तो. गंमत म्हणजे कळीत हा ओठ वरच्या बाजूला असतो, आणि उमलताना बहुतेक जातींत फुलाचा देठ अर्धा पीळ खातो आणि ओठ खाली येतो. भिंग घेऊन देठ बघितला तर पीळ दिसतो.

दुसरी खूण, इतर फुलांत पुंकेसर वेगळे स्त्रीकेसर वेगळा, इथं दोन्ही जुळून एकच दांडा झालेला असतो. परागकण पण जास्वंदीसारखे भुरभुरत नाहीत, त्यांचे पिवळे गोळे असतात. टूथपिक वँडाच्या फुलात अलगद घालून बाहेर काढली तर टोकाला दोन पिवळे गोळे चिकटून येतात. माशी-भुंग्याच्या अंगावर असेच चिकटतात आणि दुसऱ्या फुलात गेल्यावर जागेवर बसतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी टूथपिक हातात धरून तसाच उभा राहिलो होतो, मित्र म्हणाला अरे जेवायला चल.

वर्गीकरणाचं म्हणाल तर आमच्या लेजरसारखंच आहे. आधी कुळ, कुळात पाच पोटकुळं, मग प्रजाती, मग जात. नाव लिहिताना आधी प्रजाती मग जात, म्हणजे सरकारी फॉर्मवर आडनाव आधी लिहितो तसं. पाच पोटकुळांपैकी महाराष्ट्रात जे दिसतं ते जवळजवळ सगळं दोनच पोटकुळांतलं. एकात हबेनारियासारख्या जमिनीतल्या आमऱ्या, दुसऱ्यात झाडावरच्या बहुतेक सगळ्या. तिसऱ्या एका पोटकुळात व्हॅनिला येतो, हो, आइस्क्रीममधला व्हॅनिला म्हणजे आमरीचीच शेंग. चौथं चपलेसारख्या फुलांचं, त्यातली एक जात सह्याद्रीच्या अगदी दक्षिण टोकाला अगस्त्यमलाईच्या डोंगरात सापडते, पॅफिओपेडिलम ड्रुरी, जगात दुसरीकडं कुठंही नाही, आणि फूल देखणं म्हणून लोकांनी इतकं उपटून नेलं की आता ती नामशेष होण्याच्या काठावर आहे. पाचव्या पोटकुळाची फुलं इतकी साधी की ऑर्किड म्हणून सांगावं लागतं.

नावं बदलतात त्याचा मात्र ताप होतो. पावसाळ्यात सह्याद्रीत झाडांच्या सालीवर बारीक केसासारख्या दांड्यावर छोटी फिकट फुलं येतात, तिला जुन्या पुस्तकात एरिया डॅल्झेली म्हटलंय, मधे ती काँचिडियम झाली आणि आता डीएनए तपासून तिला पोर्पॅक्समधे घातलंय. सातबाऱ्यावर फेरफार होतो तसंच, जमीन तीच, नाव नवीन. आधी फूल बघून नाती ठरवायचे, आता जनुकं बघून ठरवतात आणि मग कळतं की दिसायला चुलत वाटणारे सख्खे निघाले. या नावांत आपला इतिहास पण आहे. डॅल्झेल हे मुंबई इलाख्यातले वनाधिकारी, त्यांनी आणि गिब्सन यांनी मिळून १८६१ साली मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर पुस्तक काढलं. पुढं फादर सांतापाऊ आणि कपाडिया यांचं मुंबईच्या ऑर्किडवरचं पुस्तक १९६६ साली आलं, हबेनारिया पाचगणिएन्सिस हे नाव त्याच दोघांनी दिलेलं. आपली पाचगणी! स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं २०१९ मध्ये देशातल्या ऑर्किडची यादी काढली त्यात १,२५६ जाती आहेत, १५५ प्रजातींतल्या, आणि त्यातल्या ३८८ फक्त भारतातच सापडतात. अरुणाचलात ६१२, सिक्कीममध्ये ५६०. महाराष्ट्रात शंभराहून थोड्या जास्त. म्हणून कुणी म्हणेल की आपल्याकडं आहेच काय. पण हे बघा, तिकडं वर्षभर ओल, आणि आपल्याकडं चार महिने धो धो आणि मग आठ महिने फुफाटा. या हिशोबात शंभर जाती टिकल्यात हेच नवल आहे, आणि त्या कशा टिकल्यात हे बघण्यासारखं आहे.

हबेनारिया जमिनीखाली कंद ठेवते आणि दिवाळीनंतर वर काहीच उरत नाही, जूनमध्ये पहिला पाऊस झाला की सड्यावर जमिनीला चिकटलेलं गोल पान आणि त्यातनं पांढरं फूल. नर्व्हिलिया तर अजून भारी, वळीव पडला की नुसतं फूल येतं, पान नाही काही नाही, ते सुकलं की मग मागनं एकच पान उगवतं, त्यामुळं फूल बघितलेल्याला पान माहीत नाही आणि पान बघितलेल्याला फूल माहीत नाही. डेंड्रोबियम आपल्या फुगीर खोडात पाणी साठवते, पावसाळा संपला की पानं टाकून देते आणि ऐन हिवाळ्यात त्या उघड्या काड्यांवर पांढरी फुलं येतात. लांबनं बघितलं तर वाटतं वाळलेल्या काटक्यांवर कुणी लाह्या टाकल्यात. वँडासारख्या काही दिवसा पानांची भोकं बंदच ठेवतात, रात्री गारव्यात उघडून हवा घेतात म्हणजे पाणी उडत नाही. हे सगळं करून वर फुलायचं, आणि आपण म्हणणार फुकट खाणारी.

ऑगस्ट-सप्टेंबरला कासला गेलात तर हबेनारिया हेयनियाना बघा, सगळी फुलं दांड्याच्या एकाच बाजूला, म्हणून टूथब्रश ऑर्किडच म्हणतात, आणि खरंच ब्रशसारखीच दिसते. उन्हाळ्यात कोटोनिया फुलते, तिचं फूल म्हणजे मधमाशी बसल्यासारखं, ऑर्किडची ही प्रजाती एका जातीचीच आहे, आडनावाचा एकच माणूस. ओबेरोनियाची पानं हातपंख्यासारखी चपटी आणि फूल मोहरीएवढं, भिंगाशिवाय काही कळत नाही, पण भिंगाखाली बघितलं तर तीन निदलं, तीन पाकळ्या, ओठ, सगळं जिथल्या तिथं. स्मिथसोनिया ही प्रजाती आख्ख्या जगात फक्त पश्चिम घाटात आहे, नाव मात्र अमेरिकेतल्या संस्थेवरनं पडलंय. आणि युलोफिया, जिचे कंद अमरकंद म्हणून खणून विकतात. त्याबद्दल लिहायला बसलो तर दुसरं पत्र होईल.

जुन्या झाडाबद्दल मी एवढा का तडफडतोय तर ऑर्किडच्या बियांमुळं. ज्वारीच्या दाण्यात कोंबाला पुरेल एवढी शिदोरी असते, ऑर्किडच्या बीत काहीच नसतं. ती धुळीसारखी, एका बोंडात हजारो, काहींत लाखो, वाऱ्यावर जातात. पण रुजायला तिला एक विशिष्ट बुरशी भेटावी लागते, ती बुरशी तिला सुरवातीला खाऊ घालते. ती असते भेगाळलेल्या, शेवाळ धरलेल्या, जुन्या सालीवर. म्हणून ऐन, आंबा, फणस, जांभूळ यांच्या म्हाताऱ्या झाडांवर ऑर्किड दिसतात आणि निलगिरीच्या गुळगुळीत खोडावर दिसत नाहीत. तिथनं पहिलं फूल यायला पुढं कित्येक वर्षं. तेव्हा एका झाडामागं दहा रोपं लावू असं जे म्हणतात ना, त्या दहा रोपांवर वेणी बसायला आमच्या नातवंडांची लग्नं व्हावी लागतील.

आता मुद्द्याचं. आमच्या घाटाच्या रस्त्याचं रुंदीकरण झालं तेव्हा शेकड्यानं ऐन आणि आंबे पडले. रस्ता नको असं मी म्हणत नाही, मी पण त्याच रस्त्यानं बायकोला दवाखान्यात नेतो. पण पडलेल्या झाडांच्या शेंड्याला ऑर्किड तशाच होत्या, जिवंत, आणि त्या ओंडक्यांबरोबर वखारीत गेल्या नाहीतर रस्त्याकडंला जळल्या. पंचनाम्याची प्रत मी बघितलीय. झाडाची जात, घेर, उंची, अंदाजे वय, लाकडाची किंमत. वर काय राहतं त्याला कॉलमच नाही. मी क्लार्क आहे, मला माहितीय की कॉलम नसला की गोष्ट अस्तित्वात नसते.

माझी मागणी एवढीच आहे की त्या पंचनाम्यात एक कॉलम वाढवा. झाडावर आमरी आहे का, किती, आणि तोडायच्या आधी ती कुठल्या झाडावर हलवणार. याला ना मशीन लागतं ना टेंडर. परवानगी काढून मी आणि दोन मित्रांनी त्या वेळी पडलेल्या ऐनावरच्या अकरा वेण्या आणि वँडा उतरवल्या, सालीच्या तुकड्यासकट, आणि शाळेच्या आवारातल्या आंब्यावर बांधल्या. जूनच्या सुरवातीला बांधायचं म्हणजे पावसात मुळं धरतात. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या किंवा काथ्या, नायलॉन आणि तार अजिबात नाही, मुळं कापतात. सकाळचं ऊन येईल अशी बाजू, आणि रोप थोडं कललेलं, शेंड्यात पाणी साठलं की कुजतं. अकरातल्या सात जगल्या. चार का गेल्या, तर दोन आम्ही फार घट्ट आवळल्या होत्या आणि दोन माकडांनी उपटल्या, शाळेतली पोरं म्हणतात तीन माकडांनी. तिसऱ्या वर्षी एकीला तुरा आला.

ज्यांना वाटेल की वा, मग आम्ही पण जंगलातनं आणून घरी लावतो, त्यांना हात जोडून सांगतो, नका. जंगलातल्या उभ्या झाडावरची आमरी काढणं म्हणजे चोरीच आहे, आणि आमरीचं आख्खं कुळ साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतं, बाहेरच्या देशात पाठवायची तर परवाना लागतो. शिवाय घरी आणून लोक काय करतात, कुंडीत माती, त्यात शेणखत, वर रोज पाणी. पंधरा दिवसात मुळं काळी. मग म्हणणार नर्सरीवाल्यानं फसवलं.

ट्रॉलीतली जेवढी मिळाली तेवढी मी त्याच रात्री पोत्यात भरून घरी आणली, पोरांनीच भरायला मदत केली, आणि गुरुवारी सुट्टी टाकून परड्यातल्या फणसावर बांधलीत. मोडलेला तुरा पोरीनं ग्लासात ठेवला होता, चार दिवस टिकला.

पत्रासोबत दोन फोटो पाठवतोय. एक सीतेच्या वेणीचा, फणसावर बांधल्यानंतरचा. दुसरा आमच्या एसटी स्टँडमागच्या झाडावरच्या खऱ्या बांडगुळाचा, नारिंगी फुलांसकट, गाठ नीट दिसतेय. दोन्ही शेजारी शेजारी छापलेत तर उपकार होतील. फक्त एकाखालची ओळ दुसऱ्याखाली पडणार नाही एवढं बघा.

आपला,
एक जुना वर्गणीदार
ता. आजरा, जि. कोल्हापूर